पाण्याचं नाव घेऊ नका

१

प्रफुल मारबतेला दवाखान्यात आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता, नीट बोलत होता, पण बेंबीच्या खालचं शरीर त्याचं राहिलं नव्हतं.

पिकअपमधून त्याला खाटेसकट उतरवलं. गडचांदूरजवळच्या त्या लहान सरकारी दवाखान्यात त्या सकाळी डॉ. दामिनी वेलादी एकटीच ड्यूटीवर होती. एप्रिल संपत आला होता. व्हरांड्यातल्या फरशा आत्ताच तापायला लागल्या होत्या.

"मण्यार चावला, मॅडम," खाटेबरोबर आलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले. हे प्रफुलचे काका, इस्तारीभाऊ. मूळचे पोंभुर्ण्याकडचे, तळ्यात आणि नदीत मासेमारी करणारं ढिवराचं घर. "पहाटे झोपेत चावला. हे पाहा ठिपके. सुई द्या लवकर."

उजव्या घोट्याच्या वर दोन ठिपके होते.

"साप कोणी पाहिला?"

"नाई जी. अंधारात कोण पाह्यते?"

दामिनी गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वाढली होती. मण्यार काय करतो ते तिनं पुस्तकाच्या आधी घरात पाहिलं होतं. त्याचं विष डोळ्यांपासून सुरू होतं. पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मान पडते, शेवटी श्वास थांबतो. ती प्रफुलवर वाकली. तिशीचा, रुंद छातीचा माणूस. त्याच्या पापण्या टक्क उघड्या होत्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल डाग होते.

"थुंकी गिळा. मान उचला."

त्यानं दोन्ही केलं.

"पाय उचला."

त्याच्या कपाळावरच्या शिरा ताणल्या. पाय हलले नाहीत. दामिनीनं टाचणी पायाच्या अंगठ्यापासून वर नेली. बेंबीपर्यंत त्याला काही कळलं नाही.

विष वरून खाली उतरतं. इथे काहीतरी खालून वर चढत होतं.

"सुगंधाबाई, सापाची लस काढून ठेवा," ती परिचारिकेला म्हणाली, "पण मी सांगेपर्यंत देऊ नका."

"मॅडम, नाई दिली अन् काई झालं तर?"

तोच प्रश्न दामिनीलाही पडला होता. लस चुकीच्या माणसाला दिली तर तिचीच रिॲक्शन जीव घेऊ शकते, आणि योग्य माणसाला दिली नाही तर साप घेतो. तिनं दिवा जवळ ओढला. मण्याराचे दात इतके बारीक असतात की खूण शोधूनही सापडत नाही. हे ठिपके मात्र लांबून दिसत होते, आणि एका ठिपक्यात काहीतरी काळं होतं. तिनं चिमट्यानं ते ओढलं.

बाभळीच्या काट्याचं टोक होतं ते.

२

प्रफुलची बायको कुंता रिक्षातून धावत आली. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. दामिनीनं तिला बाजूच्या खोलीत बसवलं.

"काल कुठे गेले होते हे?"

"कामाले. सकाऊनच डबा घेऊन गेले. कोणतं काम विचारलं तर म्हणे, आल्यावर सांगतो." कुंतानं पदरानं तोंड पुसलं. "रात्री सुनिलभाऊचा फोन आला, की प्रफुल इथी आमच्या घरी जेवून राह्यला, इथीच झोपते. मी म्हटलं, झोपू द्या. मले का माहीत, मॅडम?"

"सुनिल कोण?"

"यांचा जोडीदार. वर डोंगरावरचा. दोघं बचाव पथकात हायेत ना, पाण्यात बुडलेले काढतात. पाठीवर टाकी बांधून उतराचं शिकले दोघं मागच्या वर्षी." तिनं दाराआडून खाटेकडे पाहिलं. "अन् हा शर्ट यांचा नाई. सुनिलभाऊचा हाय. यांचे कपडे कुठी गेले?"

दामिनीनं मनात जुळवून पाहिलं. नवरा सकाळी डबा घेऊन निघाला, रात्री मित्राकडे जेवला, आणि दुसऱ्याच्या कपड्यांत दवाखान्यात आला. मधला दिवस कोणी सांगत नव्हतं.

सुनिल कोडापे व्हरांड्यात उभा होता. बारीक अंगाचा, तरुण. एवढ्या उकाड्यात त्यानं लांब बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घातला होता. सुगंधाबाईंनी चहा आणला, तो त्यानं डाव्या हातात घेतला.

"डावखुरे आहात?"

"नाई, मॅडम. खांदा आखडला. प्रफुलले खांद्यावर घेऊन डोंगर उतरलो ना, म्हणून."

"काल तो तुमच्याकडे आला तेव्हा चालत होता?"

"हो. म्हणजे, चालतच होता. जेवला. मायनं कोंबडी केली होती. खाली चटईवर झोपला. पहाटे पाहतो तर पाय उचलत नाई."

चहाचा ग्लास बशीवर वाजत होता. आतून प्रफुलचा आवाज आला, थकलेला पण चेष्टेचा.

"सांडू नको रे डोंगऱ्या. चहातही बुडशील."

सुनिल हसला नाही. त्याचे डोळे एकदम भरून आले, आणि तो भिंतीकडे वळला.

३

"दोस्ती हाय त्यांची, दुसरं काई नाई," पिकअपवाला म्हणाला. अमर बोबडे त्याचं नाव. विहिरी आणि खाणींतलं पाणी उपसायला मोटारपंप भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा. तो शहाळी घेऊन आला होता आणि प्रत्येकाला प्यायला लावत होता. "खर्चाचं टेन्शन घेऊ नका, मॅडम. माणूस वाचला पायजे."

"तुमचा काय संबंध?"

"संबंध कायले पायजे? माणुसकी."

दामिनीनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यानं दुसरं शहाळं सोलायला घेतलं.

इस्तारीभाऊ मात्र खाटेपासून हलत नव्हते. दामिनीला त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "कागदावर साप लिहा, मॅडम. फक्त साप. दुसरं काई लिहू नका."

"दुसरं काय लिहिणार मी?"

ते प्रफुलच्या अंगावरची चादर सारखी करायला लागले.

"तुम्ही स्वतः वर डोंगरावर गेला होता?"

"सुनिलनं फोन केला. मी अमरभाऊची गाडी घेऊन पहाटेच गेलो. त्याच्या घरापर्यंत गाडी जात नाई. खाटेवर टाकून चौघांनी रस्त्यापर्यंत आणला."

"सुनिलनंही उचलला?"

"तो कायचा उचलते! तो पुढी चालत होता, बॅटरी दाखवत."

दामिनी एकेक शक्यता तपासत होती. कोणी मारहाण केली असेल का? पाठीवर व्रण नव्हता. पडला असेल? खरचटलंही नव्हतं. अमरनं काही पाजलं असेल? पण विषानं माणूस असा मधोमध कापल्यासारखा होत नाही. ज्याला खरं विचारायचं तो शुद्धीवर होता, आणि तोही छताकडे पाहत म्हणत होता, "साप असन, मॅडम. मी झोपेत होतो."

"घोट्याला टोचलेलं कळलं होतं?"

"नाई."

खरंच कळलं नसेल. काटा रुतवला तेव्हा तो पाय आधीच बधिर होता.

सुगंधाबाई आतून घाईनं आल्या. "मॅडम, कालपासून यानं लघवी केली नाई. पोट ढोलासारखं झालं. नळी टाकली मी. अन्..." त्यांनी आवाज उतरवला, "बधिरपणा बेंबीच्या वर चढला. आता फासळ्यांपाशी टोचलेलं कळत नाई म्हणते."

प्रफुलच्या चेहऱ्यावरची चेष्टा आता गेली होती. "मॅडम," तो म्हणाला, "हे वर येऊन राह्यलं. कुठीपर्यंत येते?"

छातीपर्यंत आलं तर श्वास घेता येणार नाही, एवढंच दामिनीला माहीत होतं.

४

सुगंधाबाईंनी प्रफुलच्या अंगावरच्या वस्तू पिशवीत घालून ठेवल्या होत्या. करदोटा, तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी, मनगटी घड्याळ. घड्याळ बंद पडलं होतं.

"दुपारीच बंद पडलं हे," सुगंधाबाई काट्यांकडे पाहून म्हणाल्या.

"वेळ राहू द्या. काच पाहा."

बाजारातलं स्वस्त घड्याळ, वर प्लास्टिकची काच. ती फुटली नव्हती. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. पण ती सगळ्या बाजूंनी सारखी आत दबली होती, आपल्या खाचेतून सुटून तबकडीवर बसली होती आणि दोन्ही काटे तिच्याखाली चिमटले गेले होते.

दगडावर आपटलं असतं तर काच एका जागी तडकली असती. अंगठ्यानं दाबली असती तर मधे खळगा पडला असता. दामिनी शाळेतल्या प्रयोगाच्या भाषेत विचार करायला लागली, तशी तिची भीती थोडी मागे सरली. सगळीकडून एकसारखा दाब कोण देतं?

ती खाटेपाशी गेली. प्रफुलच्या कानाच्या पाळीमागे पांढरा थर वाळला होता, नखांतही तसाच. तिनं तो काचपट्टीवर खरवडला आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या सौम्य आम्लाचा थेंब सोडला. थेंब फसफसला.

"चुनखडी," ती म्हणाली.

अमर दारातून हसला. "मॅडम, एवढे कारखाने, गडचांदुरात तर चहातही सिमेंट हाय."

"हवेतली धूळ कोरडी असते, अमरभाऊ. हा चिखल आहे. कानात शिरून वाळलेला. सुनिलच्या डोंगरावर काळी माती आहे, तिथे हा मिळणार नाही." तिनं घड्याळ वर धरलं. "आणि ही काच पाण्यानं दाबली आहे. नदी आत्ता गुडघाभर आहे. चुनखडीचा तळ आणि एवढं खोल पाणी इथे एकाच ठिकाणी मिळतं. सोडून दिलेल्या खाणीत."

अमरचं हसू गेलं.

"डोळ्यांतले लाल डाग मला आधीच कळायला हवे होते," ती प्रफुलला म्हणाली. "पाणबुड्याचा चष्मा खोलवर डोळे असे ओढतो. किती खोल गेला होतात?"

प्रफुलनं काकाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे पाहू नका. पाय तुमचे आहेत."

कुंता दारात उभी होती. ती केव्हा आली ते कोणाला कळलं नव्हतं. "खाण?" ती म्हणाली. "कोणती खाण? साप कुठी गेला मग?" तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि इस्तारीभाऊंपाशी थांबली. "काकाजी, साप कुठी हाय?"

५

इस्तारीभाऊ मटकन स्टुलावर बसले.

"काटा मी टोचला," ते म्हणाले. "मीच. मंगलीचं आठवते ना तुले, कुंता? आपल्या मंगलीचा नवरा पुराच्या पाण्यात प्रेत काढाले उतरला अन् राह्यला. त्याचा अपघाताचा विमा होता. साहेब आला, विचारलं, पाण्यात कसा गेला? आम्ही खरं सांगतलं. म्हणे, बुडी मारणं या विम्यात बसत नाई. तेव्हापासून आमच्या लोकांत सगळ्यांले माहीत हाय, पाण्याचं नाव घेऊ नका. सापाचं सरकारी योजनेत मिळते. हा जन्माचा लंगडा झाला तर याच्या पोरी काय खातीन?"

"अन् मले? मलेही साप सांगतला?" कुंताचा आवाज फाटला.

"मले वाटलं, दिवसभरात पाय येतीन. आमचे बापदादे डोहात उतरत आले, मॅडम. मी स्वतः उतरलो. कोणाचे पाय गेले नाई."

"तुम्ही श्वास रोखून उतरत होता," दामिनी म्हणाली. बोलता बोलता तिनं ऑक्सिजनचा पिशवीवाला मास्क प्रफुलच्या तोंडावर बसवला आणि उशी काढून त्याला सपाट झोपवलं. "वरून छातीत जेवढी हवा नेली तेवढीच. ह्यांनी टाकीतली हवा घेतली. खाली पाण्याचा दाब जास्त, म्हणून तीच हवा दाबून अंगात मुरते. हळूहळू, थांबत थांबत वर आलं तर ती फुप्फुसांतून निघून जाते. घाईनं आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी रक्तात फसफसते. ह्यांच्या पाठीच्या कण्यात ते बुडबुडे बसले आहेत. आणि खाणीतून ह्यांना घाट चढून डोंगरावर नेलं, जिथे हवेचा दाब अजून कमी."

"मोटरसायकलवर होतो," प्रफुल मास्कमधून म्हणाला. "घाटातच पाय जड झाले."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. अमरचा पंप खाणीच्या तळाला बसला होता. बंद खाणीत उतरायला मनाई, म्हणून गुपचूप. पथकाचं पाण्याची खोली दाखवणारं यंत्र पथकाच्या पेटीत कुलूपबंद. एकदा उतरून पंप शोधला, जेवून पुन्हा उतरले साखळी बांधायला. चिखलाचे कपडे घरी दिसू नयेत म्हणून तिथून सुनिलच्या घरी गेले.

"अन् घाईनं काऊन वर आले तुम्ही?" कुंतानं विचारलं.

प्रफुलनं डोळे मिटले. "हवा संपली माझी. चूक झाली."

दामिनीनं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. आधी उपाय. अशा माणसाला बंद कक्षात बसवून पुन्हा दाबाखाली न्यावं लागतं आणि हळूहळू वर आणावं लागतं. तसा कक्ष चंद्रपूरपर्यंत कुठे नव्हता. नागपूरच्या एका खाजगी रुग्णालयात होता. तिनं फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, कक्ष आहे, पण आम्ही तो न भरणाऱ्या जखमांसाठी वापरतो. पाणबुड्याचा उपचार देणारा डॉक्टर आधी ठरवा, आणि खर्चाची हमी द्या. विमा आहे का?

"पाणबुड्यांच्या अपघाताचा वेगळा विमा असतो," दामिनी फोन खाली ठेवून म्हणाली. "शिकवणाऱ्यांनी सांगितलं असेल. घेतला होता?"

"सांगतलं होतं," प्रफुल म्हणाला. "मी म्हटलं, मी ढिवराचा पोरगा. पाण्याचा विमा मी कायले घेऊ?"

"मीच हसली होती," कुंता म्हणाली. "मीच म्हटलं, रोज तर जाऊन येता पाण्यात." ती खाटेच्या लोखंडाला धरून उभी राहिली. "आता काय कराचं, मॅडम? सांगा ना. आता काय?"

६

दामिनी खिडकीपाशी गेली. बाहेर अमर आपल्या गाडीत बसायच्या बेतात होता. व्हरांड्याच्या टोकाला सुनिल भिंतीला टेकला होता. उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता, झोळीत ठेवल्यासारखा.

प्रफुल पथकातला सगळ्यात मुरलेला पाणबुड्या. त्याची हवा न कळता संपेल? आणि संपली असेलच, तर जोडीदार कशाला असतो? दोघं एकत्र उतरतात ते एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं द्यायची म्हणून. प्रफुल घाईनं वर आला, तेव्हा दुसरा माणूस कुठे होता?

तिच्या डोक्यात सकाळचा, डाव्या हातातला चहाचा ग्लास वाजला.

"सुनिल, आत या. ऑक्सिजनची दुसरी टाकी वरच्या फळीवर आहे. काढून द्या."

सुनिलनं डावा हात उचलला.

"उजव्यानं."

तो उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. सुनिलच्या ओठांवर घाम फुटला.

"खांदा प्रफुलला उचलून आखडला म्हणालात. इस्तारीभाऊ म्हणतात, तुम्ही बॅटरी घेऊन पुढे चालत होता. बाही वर करा."

"राहू द्या ना, मॅडम."

"बाही वर करा."

त्यानं बटण काढलं. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत त्वचेवर निळसर-जांभळी जाळी उमटली होती, संगमरवरी फरशीवर असते तशी.

सुगंधाबाई "अगं बाई!" म्हणून मागे सरल्या.

"बुडबुडे यांच्याही अंगात आहेत," दामिनी म्हणाली. "म्हणजे दोघं एकाच वेळी, एकाच घाईनं वर आले. फक्त प्रफुलची हवा संपली असती तर तुमच्या हवेवर दोघं हळू वर आले असते. तुम्ही घाबरलात, सुनिल. हो ना?"

सुनिल खाटेच्या पायथ्याशी बसला, प्रफुलच्या हलत नसलेल्या पायांपाशी.

"चिखल उठला," तो म्हणाला. "हात दिसेना. साखळी पायात अडकली. मले वाटलं, संपलं. मी तोंडातली नळी काढून टाकली. यानं मले धरलं, आपली नळी मले दिली अन् ओढत वर आणलं. मी लाथा मारत होतो याले. थांबाचं होतं मधी, मी थांबू देल्लं नाई." तो हुंदके देत होता. "वर आल्यावर म्हणे, कोणाले सांगू नको. पथकातून काढतीन तुले."

"डोंगऱ्या, गप," प्रफुल मास्कमधून म्हणाला. "झालं ते झालं."

कुंता त्या दोघांकडे पाहत राहिली. ती ओरडेल असं दामिनीला वाटलं. पण तिनं फक्त विचारलं, "तुमचा खांदा कालपासून दुखते, अन् तुम्ही सांगतलं नाई?"

"वयनी, सांगतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं." त्यानं डोळे पुसले, आणि मग अगदी हळू म्हणाला, "अन् मले विमा हाय."

"काय?"

"पाणबुड्यांचा. मी घेतला होता. सगळे हसले तेव्हा मी पण हसलो. मग गुपचूप घेतला. मी डोंगरातला, मले पाणी वीस वर्षांचा झाल्यावर दिसलं. मले भेव वाटते पाण्याचं, वयनी. रोज वाटते. पाण्यात पैसे घेऊन काम करतो म्हणून सांगतलं होतं विमावाल्याईले. म्हणे, कामावाल्यांचा घ्या, नाई तर कामावरचा अपघात विम्यात बसत नाई. म्हणून तसाच घेतला." त्यानं डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढून दामिनीपुढे धरला. "पण नाव माझं हाय. प्रफुलचं नाई."

७

विम्याच्या मदत क्रमांकावर पाण्याखालच्या अपघातांची माहिती असलेली एक डॉक्टर बोलली. तिचे प्रश्न छोटे होते आणि दामिनीनं उत्तरंही तशीच दिली. अंदाजे खोली, दोन बुड्या, मधे न थांबता वर, नंतर घाट. दोघांची लक्षणं, आणि सापाची गोष्ट.

"साप म्हणून आणलं होतं?" पलीकडून विचारलं गेलं.

"हो."

"लस दिली?"

"नाही."

"बरं केलंत. ऑक्सिजन चालू ठेवा, काढू नका. सपाट झोपवा. सुनिलची हमी मी आत्ता नागपूरला पाठवते, उपचार मी फोनवर सांगेन. पूर्ण रस्ता पुरेल एवढ्या ऑक्सिजनची गाडी चंद्रपूरहून निघेल. दुसरे विमा नसलेले?"

"त्यांची अवस्था जास्त वाईट आहे."

कुंतानं दामिनीची बाही धरली.

"गाडीत दोन जागा असतात," ती डॉक्टर म्हणाली. "त्या कक्षातही एकाहून जास्त माणसं बसतात, आणि दाब एकासाठी वाढवला तरी तेवढाच वाढवावा लागतो. प्रवासाचं मी पाहते. पण रुग्णालयाचा त्यांचा भाग मी देऊ शकत नाही. नियम माझा नाही. त्यांच्यासाठी तिथे कोणालातरी सही करावी लागेल. आत्ताच."

दामिनीनं हे जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. इस्तारीभाऊंनी तोंड हातांत झाकलं.

कुंता बाहेर गेली. पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला.

"अमरभाऊ. शहाळी भरपूर झाली. आता सही करा."

"वयनी, मी कसा... माझा काय संबंध..."

"पंप कोणाचा हाय खाणीत?"

"हे पाहा, खाणीचं प्रकरण बाहेर आलं तर..."

"ते आलंच बाहेर. मॅडमनं कागदावर लिहिलं. आता यांचे पाय राह्यले तर पंपाचं बोलणं होईन, पाय गेले तर पायाचं. तुम्ही ठरवा."

अमर खाली उतरला. त्यानं मोबाईलवर सही केली तेव्हा त्याच्या हाताला शहाळ्याचं पाणी लागलेलं होतं.

गाडी येईपर्यंतचा वेळ सगळ्यात लांब होता. दामिनी टाचणी घेऊन पुन्हा पुन्हा फासळ्यांपाशी तपासत राहिली. बधिरपणाची ओळ वर गेली की तिथेच थांबली, हे तिला दोनदा नीट ठरवता आलं नाही. तिसऱ्यांदा ती थांबलेली होती. तिनं कोणाला सांगितलं नाही. आशा लावून मागे घेणं तिला जमत नसे.

दोन्ही खाटा गाडीत शेजारी शेजारी ठेवल्या. दोघांच्याही तोंडावर मास्क. दार लावताना इस्तारीभाऊ पुढे झाले.

"मॅडम, कागदावर काय लिहिलं?"

"पाण्याखालचा अपघात."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "लिहा. खरंच लिहा. पथकातल्या बाकीच्या पोराईलेही सांगतो मी. ज्याले टाकी बांधाची त्यानं आधी तो विमा घ्यावा, अन् काम कोणतं करतो ते खरं सांगून घ्यावा." ते थांबले. "मंगलीले कोणी हे सांगतलंच नव्हतं."

नागपूरहून पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो सुगंधाबाईंनी घेतला. कुंता होती. सुनिलचा हात मोकळा झाला होता. प्रफुलला अजून काही नाही. डॉक्टर म्हणत होते, उशीर झाला, पण अजून काही वेळा आत बसवून पाहू. दामिनीनं त्या दिवशी दुपारचं जेवण केलं नाही. उशीर झाला ह्या दोन शब्दांत तिनं घालवलेला वेळ किती होता आणि सापाच्या खोट्यानं घालवलेला किती, ह्याचा हिशेब तिला सोडवता येत नव्हता.

मग चार दिवस काही नाही.

पुढचा फोन आला तेव्हा बाह्यरुग्ण कक्षात गर्दी होती. पलीकडे कुंता हसत होती की रडत होती, ते आधी कळेना.

"मॅडम, पाय आला! उजवा. डावा अजून झोपूनच हाय, पण उजवा आला!"

दामिनी खुर्चीत बसली. ती आत्तापर्यंत उभी होती हे तिला तेव्हा कळलं. "किती आला? नीट सांगा, कुंताबाई. बोटं हलवली की पाय उचलला?"

"उचलला ना! सुनिलभाऊ पायापाशी बसून रडत होता, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं. दोन दिवसांपासून हेच लावून राह्यला होता. यांनी काय केलं माहीत हाय?"

"काय?"

"लाथ घातली त्याले. खाटेवरून खाली पाडलं. म्हणे, आता हिशेब सुरू. पाण्यात तू मले किती लाथा मारल्या, ही त्यातली पहिली."